परतीची पाटी

सकाळचे दहा वाजले की अण्णा पिशवी भरून दाराशी येऊन बसायचे. पायांत चपला, डोक्यावर टोपी, मांडीवर पिशवी. पिशवीत दोन लेंगे, एक टॉवेल, दाढीचं सामान आणि टीव्हीचा रिमोट. रिमोट कशाला, हे मी कधी विचारलं नाही.

"गाडी किती वाजता हाय?" ते मला विचारायचे.

"कुठली गाडी, अण्णा?"

"मला सोडायची गं. तुला दोन तास झोप पाहिजे न्हवं? आवरलंय मी माझं."

आवाजात रागाचा लवलेश नसायचा. ते रागावले असते तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी करता आलं असतं. पण ते मुकाट्यानं बसून राहायचे. साडेदहाच्या सुमाराला मालनबाई, म्हणजे दिवसा त्यांच्यापाशी राहणाऱ्या बाई, त्यांना चहाच्या नावाखाली आत न्यायच्या. मी पिशवीतून रिमोट काढून टीव्हीपाशी ठेवायची. दुसऱ्या दिवशी दहाला सगळं पहिल्यापासून. असा सव्वा महिना गेला.

माझे वडील म्हणजे नरहरी पेंटर. मिरजेच्या एसटी वर्कशॉपात त्यांनी चौतीस वर्षं गाड्यांच्या पाट्या रंगवल्या. हल्ली गाड्यांच्या कपाळावर उजेडाची अक्षरं पळतात. तेव्हा पत्र्याच्या पाट्या असत आणि त्यांवरची गावं हातानं रंगवलेली असत. आता अण्णा एक्क्याऐंशीचे झालेत. गेली पाच वर्षं त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळत चालली होती. आई गेल्याचं त्यांना दर आठवड्याला नव्यानं कळायचं आणि ते दर आठवड्याला नव्यानं रडायचे. शेवटी मी आणि मालनबाईंनी मिळून आईला कायमचं बाजारात पाठवून दिलं. जेवण झालं की नाही, सकाळ आहे की संध्याकाळ, हे घर कुणाचं, काही म्हणजे काही टिकत नव्हतं. टिकलं होतं एकच वाक्य. 'अण्णांना वृद्धाश्रमात ठेवलं तर मला दोन तास स्वस्थ झोप मिळेल.'

ते वाक्य माझं. आणि वाचलेलं विसरता येऊ नये अशी अक्षरं काढली, तीही मीच.

मी अक्षरं काढायचं काम करते, म्हणजे फॉन्ट बनवते. पेंटरच्या पोरीनं दुसरं काय करायचं होतं म्हणा. अण्णांचा ब्रश सुटला आणि माझ्या हातात माउस आला, एवढाच फरक. चार वर्षांपूर्वी डॉ. तस्नीम मुजावर माझ्याकडे आली. ती मेंदूची डॉक्टर, माझ्याच शाळेतली, दोन वर्षं पुढची. तिनं पहिल्याच भेटीत मला विचारलं, "वृषाली, तू शेवटचं अक्षर कधी पाहिलंस?"

मला वाटलं, हिची थट्टा चाललीय. मी दिवसभर दुसरं करते काय?

पण तिचं खरं होतं. सरावलेला माणूस अक्षरं पाहतच नाही. डोळा ओळीवरून उड्या मारत जातो, शब्दाची बाह्याकृती उचलतो आणि उरलेलं मेंदू आपल्या पदरचं भरतो. तुम्ही आत्ता हे वाचताय, पण यातल्या 'क'ची गाठ किंवा 'द'ची शेपटी तुम्ही पाहिलेली नाही. पाहायची गरजच पडलेली नाही. वाचणं सोपं होतं ते यामुळंच, आणि वाचलेलं वाहून जातं तेही यामुळंच. मेंदूच्या आत हिप्पोकॅम्पस नावाचा एक बोटाएवढा भाग असतो. नवी गोष्ट नोंदवून ठेवायची की सोडून द्यायची, हे तो ठरवतो. ओळखीचं काही आलं की तो मान वर करत नाही. अनोळखी काही आलं की मात्र क्षणभर थबकतो आणि नोंद करतो. म्हाताऱ्या, झिजलेल्या मेंदूतसुद्धा ही थबकण्याची ताकद बऱ्याच उशिरापर्यंत शाबूत असते.

म्हणजे अक्षर थोडंसं परकं झालं पाहिजे. फार परकं केलं तर माणूस वाचायचं सोडून देतो. कमी केलं तर डोळा घसरून पुढे जातो. शिवाय परकेपणा टिकत नाही. दहा वेळा पाहिलं की कसलंही अक्षर घरचंच होतं. म्हणून आम्ही ई-कागदाच्या पाट्या घेतल्या. ई-कागदावर तेच वाक्य दर वेळी नव्यानं काढता येतं. आज शिरोरेघ 'म'वर तुटेल, उद्या 'त'वर. आज 'ब'चं पोट किंचित रिकामं, उद्या 'ळ'चा एक फुगा लहान. पाटीच्या कोपऱ्यातला बारकासा कॅमेरा वाचणाऱ्याचा डोळा कुठे आणि किती थांबला ते मोजतो आणि पुढचं अक्षर त्या मापानं बदलतो. देवनागरीतल्या कुठल्या अक्षराचा कुठला भाग किती हलवला तर ते अक्षर राहतं आणि तरी नवं दिसतं, हे शोधण्यात माझी तीन वर्षं गेली. चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. त्या फॉन्टचं नाव आम्ही 'ठसा' ठेवलं.

पहिल्या अकरा पाट्या मी आमच्याच घरात लावल्या. 'संडास इकडे.' 'गॅसला हात लावू नका.' 'आज पाणी प्यालात का?' आणि माझ्या फोटोखाली, 'ही वृषाली. तुमची मुलगी.'

सात महिने अण्णांनी मला नावानं हाक मारली नव्हती. मी 'बाई' होते, कधी 'सिस्टर' होते, एकदा तर 'कंडक्टर' झाले होते. पाट्या लावल्या त्याच्या चौथ्या दिवशी मी कामावरून आले, चपला काढत होते, आणि आतून आवाज आला, "वृषाली आली का गं?" मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. मालनबाई म्हणाल्या, "ताई, बसा आधी. पडशीला." मी खरंच खाली बसले आणि हसत राहिले. त्या एका हाकेसाठी मी आणखी तीन वर्षं डोळे फोडून घेतले असते.

पुढं जे व्हायचं ते झालं. क्लासवाल्यांनी पाढे आणि व्याख्या ठशात लावल्या. पोरांना त्या अशा चिकटल्या की सुट्टीतही सुटेनात. जाहिरातवाले तर टपलेलेच होते. एका बाईनं मला पत्र लिहिलं की तिच्या सासूनं स्वयंपाकघरात ठशात चार सूचना लावल्यात आणि आता ती माहेरी गेली तरी भाजी चिरताना त्या चार सूचना डोळ्यांपुढून हलत नाहीत, तर यावर काही उपाय असल्यास कळवावे. मी उत्तर दिलं नाही. मी दमले होते. दिवसभर ऑफिस, घरी आलं की अण्णा, आणि अण्णांना झोप अशी नव्हतीच. मालनबाई सहाला जायच्या आणि तिथून पुढं माझी पाळी.

आता त्या वाक्याबद्दल.

फॉन्ट तपासायला मजकूर लागतो. नुसतं कखगघ छापून काही कळत नाही. खरी परीक्षा जोडाक्षरांची. म्हणून आमच्या धंद्यात जो तो आपली वाक्यं बनवून ठेवतो, ज्यात अवघड जोडाक्षरं गच्च भरलेली असतात. अर्थाकडे कुणी बघत नाही. माझा एक सहकारी वर्षानुवर्षं 'कृष्णाच्या उंटाला ज्ञानेश्वरी शिष्ट वाटली' असलं काहीबाही छापत असे. त्या गुरुवारी दुपारी मला 'ण्ण', 'द्ध', 'श्र', 'स्व' आणि 'स्थ' एका ओळीत हवे होते. आदल्या रात्रीची झोप झालेली नव्हती. जे मनात होतं ते बोटांतून उतरलं. अण्णांना. वृद्धाश्रमात. स्वस्थ. बघा, एकही जोडाक्षर सुटलं नाही.

मी 'चाचणीसाठी पाठवा' दाबलं. चाचणीच्या यादीत ऑफिसच्या सहा पाट्या होत्या. आणि घरच्या अकराही होत्या. सोयीचं पडतं म्हणून सुरुवातीला मीच त्या यादीत घातल्या होत्या आणि नंतर काढायच्या राहिल्या होत्या.

चाळीस मिनिटांनी माझ्या लक्षात आलं. मी घरी फोन केला. मालनबाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. मी पाट्या जागच्या जागी पूर्ववत केल्या आणि रिक्षा करून घरी आले. अण्णा दाराशी बसले होते. मांडीवर पिशवी.

"तुला झोप न्हाई व्हय गं मिळत?" ते म्हणाले. "मला आधी सांगायचं. मी काय न्हाई म्हणलो असतो?"

मी आत जाऊन पाट्यांची नोंद उघडली. कॅमेऱ्यांनी सगळं टिपलं होतं. ते एकेका पाटीपुढं उभे राहिले होते. संडासाच्या, गॅसच्या, पाण्याच्या. अकराच्या अकरा. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य, प्रत्येक ठिकाणी जरा वेगळ्या अक्षरांत, जसं मी शिकवलं होतं तसं. माझ्या फोटोखालच्या पाटीपुढं ते सहा मिनिटं थांबले होते. ठशाचा असा निकाल आम्हाला प्रयोगशाळेत कधी मिळाला नव्हता.

मला जे सुचलं ते मी केलं. दुसऱ्याच दिवशी सगळ्या पाट्यांवर ठशात लावलं, 'अण्णा, तुम्हाला कुठेही पाठवणार नाही.' तेही त्यांच्या लक्षात राहिलं. फक्त त्याचा उपयोग झाला नाही.

"तू न्हाई म्हणतीस," ते पिशवीवर हात ठेवून म्हणाले, "पर मला ठावं हाय. तू लाजतीस सांगाय." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

वाक्य खोटं असतं तर मी ते खोडून काढू शकले असते. ते खोटं नव्हतं. त्या गुरुवारी मला खरोखर तेच हवं होतं. आणि खरं सांगायचं तर नंतरच्या बऱ्याच गुरुवारीही.

सव्वा महिन्यानं मी तस्नीमकडे गेले.

"पुसता येईल?" मी विचारलं.

"पुसता नाही येणार. पण सवयीचं करता येईल." तिनं टेबलावरचं कॅलेंडर माझ्याकडे फिरवलं. "हे बघ. यावर खाली काय लिहिलंय ते मी रोज बघते. मला विचार काय लिहिलंय. सांगता येणार नाही. जे फार सवयीचं होतं ते दिसेनासं होतं. ते वाक्य त्यांच्यापुढं रोज राहू दे. पण ठशात नाही. ज्या अक्षरांची त्यांच्या डोळ्यांना सगळ्यात जास्त सवय आहे, त्या अक्षरांत. दोन-तीन महिन्यांत मेंदू त्याच्याकडे लक्ष द्यायचं सोडेल."

"ते वाक्य? घरभर?"

"घरभर."

 तिनं पाण्याचा ग्लास माझ्यापुढं सरकवला. तस्नीम पाणी पुढं करते तेव्हा मागोमाग काहीतरी येतं, हे मला शाळेपासून ठाऊक आहे.

"आणि ठशाच्या पाट्या बंद कराव्या लागतील," ती म्हणाली. "सगळ्या. ठसा चालू राहिला तर त्यांचा डोळा जागा राहील. मग काहीच सवयीचं होणार नाही."

"नावाची पाटीसुद्धा?"

"तीच आधी. त्या दिवशी ते वाक्य तुझ्या फोटोखाली आलं ना? त्यांच्या डोक्यात आता दोन्हीची एकच गाठ बसलीय. वृषाली म्हणजे जिला झोप हवीय ती. एक सुटलं तर दुसरंही बहुतेक सुटेल."

"नंतर पुन्हा ठसा लावू. पुन्हा शिकतील नाव."

"तीन महिन्यांनी त्यांचा मेंदू तीन महिने म्हातारा झालेला असेल, वृषाली. मी तुला शब्द देऊ शकत नाही."

परत येताना मी रिक्षा केली नाही, चालत आले. हिशेब सरळ होता. काही केलं नाही तर ते मला ओळखत राहतील आणि रोज सकाळी दहाला, आपण या घरात नकोसे झालोत हे नव्यानं समजून, पिशवी भरून बसतील. केलं तर त्यांची ती सकाळ सुटेल आणि मी पुन्हा कुणीतरी बाई होईन. एवढा सरळ हिशेब असूनही मी आठ दिवस काढले. त्या आठ दिवसांतली प्रत्येक "वृषाली" मला गोड लागत होती आणि त्या प्रत्येक हाकेसाठी मी त्यांना दाराशी बसवत होते. नवव्या दिवशी रिमोट काढायला मी पिशवीत हात घातला, तर खाली आईचा फोटो होता. त्यांनी भिंतीवरून काढून टॉवेलात गुंडाळून घेतला होता.

मी पत्र्याच्या अकरा पाट्या कापून आणल्या. पांढरा आणि काळा, लवकर वाळणारा ऑइल पेंट, टर्पेंटाइन, तीन ब्रश. डोळ्यांना सगळ्यात जास्त सवयीचं अक्षर म्हणजे त्यांचं स्वतःचं, त्यात शोधायचं काय होतं? पाट्यांना दोन्ही अंगांनी पांढरा हात मी आधीच देऊन आणला होता. अण्णांपुढं नेऊन ठेवल्या आणि म्हणाले, "ऑर्डर आहे. अकरा पाट्या."

त्यांची पाठ ताठ झाली. टोपी काढून बाजूला ठेवली. ब्रशाचे केस अंगठ्यावर वाकवून बघितले आणि नाक मुरडलं.

"मजकूर?"

मी चिठ्ठी दिली.  त्यांनी चिठ्ठी लांब धरली, ओठ हलवत बोटांवर अक्षरं मोजली.

"सव्वीस अक्षरं. दोन वळीत बसंल."

बस्स, एवढंच. तेव्हा मला लहानपणीची गोष्ट आठवली. सहासात वर्षांची असेन, वर्कशॉपात त्यांचा डबा घेऊन गेले होते. ते एक पाटी रंगवत होते. मी विचारलं, "अण्णा, हे गाव कुठं आहे?" ते म्हणाले, "ठावं न्हाई बाळ. रंगवताना वाचायचं न्हाई. वाचाय लागलं की पुढल्या अक्षराची घाई हुती आन् हातातलं बिघडतंय." चौतीस वर्षं त्यांनी अशी गावं रंगवली, न वाचता. तस्नीम आणि मी तीन वर्षं यंत्रं लावून जे शोधत होतो ते यांना फुकट येत होतं. त्यांना अक्षर दिसायचं.

त्यांनी खडूच्या दोरीनं रेघा मारल्या. हात कापत होता, पण ब्रश पत्र्याला टेकला की कापायचा थांबायचा. आधी वरची रेघ, मग अक्षरं. 'वृद्धाश्रमात'पाशी आले आणि थांबले. मी पुढं सरकले.

"ह्यो 'द्ध' बघ," ते म्हणाले. "ह्याचं पोट जरा खाली सोडायचं. न्हाईतर मधी कोंडतंय. गाडी हलती, धूळ बसती, लांबनं दिसाय नको व्हय?"

मी वाकून बघितलं. या एका अक्षराची चौदा रूपं मी कॉम्प्युटरवर काढली होती आणि चौदाही आता मला कोंडलेली दिसली. त्यांनी खाली सोडलेलं ते पोट मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. पाचसहा पाट्या झाल्यावर भिंतीला टेकून बसले. टर्पेंटाइनचा वास, ब्रशाची घसघस, मालनबाईंची बाहेर भांडी. माझा डोळा लागला.

उठले तेव्हा चार वाजले होते. अंगावर मालनबाईंची शाल होती.

"उठवू नका म्हणाले," मालनबाई कुजबुजल्या. "म्हणाले, बाई दमल्यात. ऱ्हाऊ दे."

सव्वादोन तास. कित्येक महिन्यांत मी इतकी सलग झोपले नव्हते. अकरा पाट्या भिंतीला ओळीनं उभ्या होत्या, त्यांच्यावर तेच वाक्य अकरा वेळा, सुंदर, एकसारखं. खोलीभर झोपेची माझी मागणी लिहिलेली होती आणि मी तिच्यासमोर डोळे चोळत बसले होते.

"वाळल्या की परतीचं घिऊ," अण्णा म्हणाले.

"परतीचं काय?"

त्यांनी माझ्याकडं नवख्या गिऱ्हाइकाकडं बघावं तसं बघितलं. एसटीच्या पाटीला दोन अंगं असत. एका अंगावर जाण्याचं गाव, दुसऱ्यावर परतीचं. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर खाली उतरून पाटी फिरवायचा आणि गाडी परतीची व्हायची. हे मला माहीत होतं. फक्त माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"नको अण्णा. याला परतीचं नाही."

"असली कसली गाडी?" ते चिडले. वर्षभरात पहिल्यांदा चिडले. "एका अंगाची पाटी मी वर्कशॉपातनं कधी सोडली न्हाई. ऑर्डर कुणाची हाय?"

"माझी."

"मग नाव सांगा."

सकाळीच त्यांनी मला नावानं हाक मारली होती. पण आता ते पेंटर होते आणि मी गिऱ्हाईक.

"वृषाली," मी म्हणाले.

"तीनच अक्षरं. मोठी येतील." त्यांनी वाळलेल्या पाट्या एकेक करून पालथ्या घातल्या. "ज्याची ऑर्डर, त्याच्याकडं गाडी परत."

दोन्ही अंगं वाळली त्या संध्याकाळी मी ठशाच्या पाट्या बंद केल्या आणि त्यांच्या जागी पत्र्याच्या टांगल्या, वरच्या भोकात दोरी ओवून, खिळ्याला. दुसऱ्या दिवसापासून मी चहा पिताना ते वाक्य वाचू लागले, आंघोळीला जाताना वाचू लागले. मीटर बघायला आलेल्या माणसानं मीटरऐवजी पाटी वाचली आणि मग माझ्याकडं असं बघितलं की मी त्याला चहा विचारायचं विसरले. तिसऱ्या आठवड्यात मालनबाई म्हणाल्या, "ताई, ही गॅसवरची पाटी काळी पडाय लागलीया," आणि मला क्षणभर कळेना की कुठली पाटी. मलाही दिसेनाशी झाली होती.

अण्णांची पिशवी हळूहळू हलकी होत गेली. आधी दाढीचं सामान गेलं, मग रिमोट जागेवर राहू लागला. मग आईचा फोटो पुन्हा भिंतीवर आला, तो कुणी लावला हे मला माहीत नाही. दोन महिने झाले तेव्हा ते पिशवीशिवाय दाराशी बसायचे, नुसते चपला घालून. गाडीचं विचारायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "बसलोय असाच."

आणि नाव गेलं. तस्नीमनं सांगितलं होतं तसंच. एके सकाळी मी चहा दिला तर ते म्हणाले, "तुमी घेतलात का?" मला ते 'बाई' म्हणाले असते, 'सिस्टर' म्हणाले असते तर चाललं असतं. त्या 'तुमी'नं मी मोडले. मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. मग तोंड धुतलं, कारण पोळ्या व्हायच्या होत्या.

तस्नीमनं हा उपचार लिहून काढलाय. ठशानं चिकटलेली वाक्यं घेऊन लोक तिच्याकडं येतात, ती त्यांना साध्या अक्षरांच्या पाट्या करायला सांगते. त्या सासूवाल्या बाईंना मी शेवटी उत्तर पाठवलं. वृद्धाश्रमाचे फॉर्म मी दोनदा आणले आणि दोनदा कपाटात ठेवले. मी अजून दमलेलीच आहे, त्यात काही बदल झालेला नाही. फक्त सुट्टीच्या दुपारी अण्णा जुन्या पत्र्यांवर रेघा मारत बसतात तेव्हा मी भिंतीला टेकते आणि कधी तास, कधी दीड तास झोप मिळते.

गेल्या मंगळवारची गोष्ट. संध्याकाळचे सहा वाजले होते, मालनबाई नुकत्याच गेल्या होत्या. चपला घालून दाराशी बसलेले अण्णा उठले आणि पहिल्या पाटीपाशी गेले. दोरी धरून त्यांनी ती फिरवली. मग दुसरी. मग तिसरी. संध्याकाळी सहाला डेपोत गाड्या परतीला लागायच्या, ते त्यांच्या हातांना अजून आठवत असावं. मी स्वयंपाकघरात कणीक मळत उभी राहून बघत होते. एकेक करत ते घरभर फिरले. माझं वाक्य भिंतीकडं तोंड करून बसलं आणि सगळीकडं 'वृषाली' आलं, काळ्याभोर मोठ्या अक्षरांत.

शेवटची पाटी गॅसवरची. ती फिरवून ते मागं सरकले. या वेळी ते रंगवत नव्हते, म्हणून वाचत होते. एकेका अक्षरावर बोट ठेवून.

"वृ. षा. ली." मग माझ्याकडं वळले. "तुमचंच का हे गाव?"

"हो," मी म्हणाले.

"लांब हाय?"

"नाही अण्णा. इथंच आहे."

त्यांनी जरा विचार केला. "ही गाडी तिथं मुक्कामी असती का, लगीच फिरती?"

मुक्कामी गाडी म्हणजे जी शेवटच्या गावात रात्रभर थांबते. माझे हात कणकेत होते, डोळे पुसता येईनात.

"मुक्कामी असते," मी म्हणाले. "सकाळपर्यंत कुठं जात नाही."

"मग बरं," अण्णा म्हणाले. "मग घाई न्हाई."

ते दाराशी गेले, चौकटीला धरून वाकले, चपला काढून कोपऱ्यात नीट जोडीनं ठेवल्या, आणि आत येऊन जेवायला बसले.